रॉजरची डबी आणि आमचं वाण

आधी चहा संपवा बघू. नाही, खरंच संपवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या सतीशला भलत्या जागी हसू आलं आणि सगळा चहा नाकावाटे नव्या कार्पेटवर. शिवाय माझी बायको मेधा येईल इतक्यात बाहेरून. ती आली की विषय बदलायचा, आत्ताच सांगून ठेवतो. तिच्या मते हा किस्सा नाहीच, हा गुन्हा आहे, आणि गुन्हेगाराने तो चहाबरोबर वाढू नये.

एवढं काय केलंस, म्हणाल. सांगतो. पण आधी एक कबूल करा. इथे शॉमबर्गमध्ये नवीन मुलगा शिकायला आला, नवीन जोडपं आलं, कुणाचे आईवडील आले, की अमेरिकेत कसं वागायचं हे त्यांना कोण सांगतं? मी. टिप कुठे द्यायची, शेजाऱ्याच्या दारात न कळवता का जायचं नाही, सगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथला माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं. आपल्यासारखं "नको नको" म्हणत ताट पुढे करत नाही. पुण्याहून एमएसला आलेल्या पोरांना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की ती मला मागून प्रोटोकॉल प्रशांत म्हणतात. म्हणोत बापडी.

तर आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये रॉजर राहतो. ऐंशीच्या आसपासचा, उंच, बोलणं अगदी मोजकं. त्याची बायको वारल्यानंतर वर्षभराने आम्ही इथे राहायला आलो, त्यामुळे तिला आम्ही कधी पाहिलं नाही. मी त्याला रॉजर म्हणतो, मेधा रॉजरकाका म्हणते. एकटा माणूस म्हणून ती त्याला अधूनमधून डब्यातून काहीबाही पाठवते. पुलाव, थालीपीठ, एकदा तर मुगाची खिचडी.

दोन दिवसांनी डबा परत यायचा. लखलखीत घासलेला आणि रिकामा. पहिल्या खेपेला मेधाला जरा लागलंच. आपल्याकडे शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करतं का? काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी तिला समजावलं की अगं, यांच्यात ही पद्धतच नाही, मनाला लावून घेऊ नकोस. बघा, म्हणजे डब्याच्या बाबतीत त्यांचं आणि आपलं वेगळं असतं हे मला माहीत होतं. स्वतःच्या तोंडाने सांगत होतो मी.

जानेवारीत कडक थंडी पडली आणि एक दिवस रॉजरने विचारलं, मासे धरायला येतोस का? मी म्हटलं, तळं गोठलंय. तो म्हणाला, म्हणूनच.

आता मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी दिसायची मारामार, मासे कुठले. पण प्रोटोकॉल असा की अमेरिकन माणसाने स्वतःहून बोलावलं तर जायचं. गेलो. तासाभराच्या अंतरावर उत्तरेला एक तळं आहे. वर इतका जाड बर्फ की लोकांनी त्यावर तंबू ठोकलेले. रॉजरने हाताने फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने बर्फात ताटलीएवढं भोक पाडलं, एक बादली उलटी ठेवली, मला त्यावर बसवलं आणि हातात हातभर लांबीची काठी दिली. मी मनात म्हटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय.

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढली. आत स्पंजवर ओळीने टोचलेल्या फ्लाय. फ्लाय म्हणजे काय, तर गळावर दोरा आणि पीस गुंडाळून केलेला खोटा किडा. तांदळाच्या दाण्याएवढं अंग, पुढे तांब्याचा मणी, मागे पिसाची इवलीशी शेपटी. इतकं नाजूक काम मी आजवर पैठणीच्या पदरावरच पाहिलं होतं. बाकीचे लोक गळाला जिवंत अळ्या लावत होते. रॉजर लावत नाही. मी विचारलं, हाताने बांधल्यात का? तो म्हणाला, "हो. पण मी नाही बांधल्या."

मग कुणी बांधल्या, हे मी विचारायला हवं होतं की नाही? साधा प्रश्न. पण तेव्हा माझं नाक जाग्यावर आहे की गळून पडलंय याचीच मला काळजी होती.

तिथे मिळतात ते ब्लूगिल, क्रॅपी वगैरे मासे. सगळ्यांना मिळून पॅनफिश म्हणतात, म्हणजे अख्खा तव्यात मावेल एवढा मासा. थंडीत ते फार सुस्त होतात. धावून येत नाहीत. जवळ येतात, किडा तोंडात ओढून बघतात आणि नाही पटला तर थुंकून टाकतात, आपल्याकडच्या लग्नात व्याही मठ्ठा चाखतात तसं. मी काठीला झटके देत होतो. रॉजरने काठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हलवू नकोस. नुसता श्वास घे. तेवढ्याने पीस हलतं."

मी श्वास घेत बसलो. आणि काय सांगू, दोरा किंचित ताणला, मी उचललं, आणि भोकातून तळहाताएवढा चकचकीत मासा वर! मी इतका ओरडलो की बाजूच्या तंबूतून दोन माणसं बाहेर आली. दुपारपर्यंत पाच-सहा धरले असतील. सगळे त्या डबीतल्या फ्लायवर. लहानपणी पहिल्यांदा सायकल आली तेव्हा झाला होता तसला आनंद झाला मला.

घरी उतरताना रॉजरने ती डबी माझ्या हातात ठेवली. घरांमागच्या छोट्या तळ्यावर प्रॅक्टिस कर म्हणाला, आणि वर एकच वाक्य. "बर्फ गेला की डबी मला परत दे."

ऐकलंत ना? डबी. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे डबा परत मागतात. त्यातली भाजी कुणी परत मागतं का? मी अगदी नि:शंक होतो. डबी त्याची, आतलं आपलं. त्याला आतलं हवं असतं तर तो तसं बोलला असता, कारण इथला माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मेधाने वाण म्हणून पुण्याहून पितळेचे छोटे करंडे मागवले होते. ते पार्सल न्यू जर्सीत कुठेतरी बर्फात अडकलं. हळदीकुंकू शनिवारी दुपारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पार्सल अजून न्यू जर्सीतच. मेधा रडकुंडीला आलेली. प्लास्टिकचे डबे आणू का म्हणत होती. आणि मला, देव माझं भलं करो, आयडिया सुचली.

मी म्हटलं, या फ्लाय बघ. टोक कापलं, मागे सेफ्टी पिन चिकटवली की ब्रोच. साडीला लावा, शालीला लावा. असलं वाण अख्ख्या इलिनॉयमध्ये कुणी लुटलं नसेल.

मेधाने एक फ्लाय तळहातावर घेऊन पाहिली. "रॉजरकाकांना विचारलंस?"

"अगं, त्यांनीच दिल्यात."

"दिल्यात, की वापरायला दिल्यात?"

"मेधा, तो डबी म्हणाला. आतल्याचं नावसुद्धा काढलं नाही."

तिचं समाधान झालं नव्हतं. तोंडावरून दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी बायका दारात येणार होत्या आणि घरात वाणाचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, उसनं वाण देत नाहीत हं. मी म्हटलं, उसनं कसलं, आपलंच आहे.

शनिवारी सकाळी मी कामाला बसलो. पकडीने एकेका गळाचं टोक कट केलं. कुणाच्या पदरात अडकायला नको, पोराबाळांना लागायला नको. मग ग्लू गनने मागे पिना चिकटवल्या. सेफ्टीच्या बाबतीत मी फार जपलं हो. डबी पूर्ण रिकामी झाली, सगळ्यांना पुरून एकही उरली नाही, तेव्हा मला वाटलं काय नेमका हिशेब बसला.

बायकांनी डोक्यावर घेतलं ते वाण. मी खरं तर अशा वेळी घरात थांबू नये, पण मसाला दूध घेऊन बाहेर आलोच. मुद्दाम आलो, खोटं कशाला बोलू. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठ्या सुमनकाकू. इथे मुलीकडे राहतात, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्या मेधाला विचारत होत्या की हे कुठून मागवलंस. मेधा तोंड उघडते तोवर मी म्हणालो, "हॅन्डमेड आहेत, काकू."

"अगंबाई! तू केलंस?"

इथे माझ्या तोंडून "नाही" एवढं यायला हवं होतं. दोन अक्षरं. आणि मी काय केलं? मी हसलो. मान खाली घालून, लाजल्यासारखा. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फोटो होते आणि खाली, प्रशांतच्या हातात जादू आहे, प्रशांतने मंडळाच्या मुलांसाठी वर्कशॉप घ्यावं. मी सगळ्यांना हात जोडलेल्या इमोजी पाठवल्या. मेधा माझ्याकडे बघून नुसती भांडी आवरत राहिली.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, डबी देऊन टाकू. बर्फ जायची वाट कशाला? ती डिशवॉशरमध्ये घालून चकाचक केली, स्पंज काढून टाकला, कळकट झाला होता, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून आत तिळाच्या पातळ वड्या आणि वर चिमूटभर हलवा घातला. काटेरी, पांढराशुभ्र. मेधाने घरी केलेला. म्हटलं रॉजरलाही कळू दे, डबा परत कसा करतात ते.

रॉजरने दारातच डबी उघडली. मग हलव्याचा एक दाणा दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला, त्याचे काटे निरखले आणि अगदी मनापासून विचारलं, "हा कुठल्या माशासाठी?"

मी सांगितलं, खायचा असतो. त्याने खाल्ला. वडी खाल्ली. छान आहे म्हणाला. मग डबीत पुन्हा एकदा बघून म्हणाला, "आणि लोइसच्या फ्लाय?"

"कुणाच्या?"

"लोइस. माझी बायको."

माझ्या पायाखालचा बर्फ सरकला म्हणा. तो त्याच्या मोजक्या बोलण्यात सांगत गेला. लोइस फ्लाय बांधायची. हात चालेनासे होण्याआधीच्या शेवटच्या हिवाळ्यात तिने बांधल्या त्या या. बाकीच्या तुटल्या, हरवल्या, तळ्यात गेल्या. एवढ्याच उरल्यात. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला तो आणि तिचा भाऊ डेल त्याच तळ्यावर जातात आणि तिच्या फ्लाय लावून बसतात. या शनिवारी तिचा वाढदिवस. डेल मिनेसोटाहून येतोय. "तूही ये," म्हणाला. "तुला जमतं ते. म्हणून तर तुला दिल्या."

आणि मी, लोकहो, प्रोटोकॉल प्रशांत, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणालो की घरी आहेत, डबी धुवायची होती म्हणून काढून ठेवल्यात, अगदी नीट ठेवल्यात.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. शरमेने मेल्यासारखं होणं म्हणतात ना, ते मला त्या पायरीवर पहिल्यांदा नीट कळलं. तरी मी बोललो नाही, तो भाग वेगळा.

मेधाला सांगितलं तर ती मटकन खुर्चीत बसली. म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना खरं सांग. मी म्हटलं, सांगतो, पण आधी त्या परत गोळा करतो, म्हणजे सांगताना हातात काहीतरी असेल. ती म्हणाली, मी कुणालाही फोन करणार नाही, तू दिल्यास, तू माग.

म्हणून सोमवारी ऑफिसातून परस्पर सुमनकाकूंकडे गेलो. त्यांनी ती फ्लाय हिवाळी कोटाला लावली होती. ग्रोसरीच्या दुकानात एका अमेरिकन बाईने मुद्दाम थांबवून विचारलं म्हणे. मी चाचरत म्हटलं, काकू, ते वाण जरा परत मिळेल का?

काकूंनी चष्मा काढला. "वाण परत मागतात का रे कुणी?"

"तसं नाही काकू. जरा काम होतं त्याच्याशी."

"मग तूच केलंस ना? दुसरं कर की."

"मी केलंच नाही" एवढं म्हणालो असतो तर तिथेच सुटलो असतो. पण ग्रुपवरच्या त्या सगळ्या कौतुकाचं काय? ते परत कसं करायचं? मी उठलो. काकूंनी वर गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या. बाकीच्या घरी मी गेलोच नाही. एका दारात जी गत, तीच सगळीकडे.

मग मी ठरवलं की दुसऱ्या करायच्या. खरंच. एका बाईने मरणापूर्वी जे केलं ते मी आठवड्याभरात बेसमेंटमध्ये बसून करणार होतो. दुकानातून बारीक गळ आणले. पिसं माझ्या जुन्या डाउन जॅकेटची शिवण उसवून काढली. दोरा गेल्या वर्षीच्या राख्यांचा, मणीही राख्यांचेच. गाठ सुटू नये म्हणून मेधाचं नेलपॉलिश. तीन संध्याकाळी खपलो. बोटं इतकी टोचून घेतली की ऑफिसात टाइप करता येईना. आणि जे तयार झालं ते कसं दिसत होतं सांगू? बाथरूमच्या जाळीत अडकलेलं काढतो ना आपण, तसलं काहीतरी, फक्त जरीचं.

तरी माणसाचं मन बघा. रोज बघून बघून मला ते बरं वाटायला लागलं. म्हटलं, म्हातारा माणूस, नजर अधू झाली असेल, तळ्यावर अशीही बोटं बधिर असतात. चालून जाईल.

गुरुवारी सकाळी मेधाने विचारलं, सांगितलंस का त्यांना? मी म्हटलं, उद्या नक्की. ती म्हणाली, "बरं." लग्न झालेल्यांना ते "बरं" ओळखता येतं. मला त्या दिवशी आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी नवीन स्पंज कापून त्यावर त्या माझ्या फ्लाय टोचल्या आणि रॉजरच्या दारात उभा राहिलो. त्याने स्पंज हातात घेतला. चष्मा लावला. एक फ्लाय उचलून सगळीकडून पाहिली. जरीचा एक धागा सुटून लोंबत होता.

"या लोइसच्या?"

"हो."

"नक्की?"

"हो."

त्याने मान हलवली, थँक यू म्हणाला आणि सकाळी सातला तयार राहा म्हणून दार लावलं. मी घरी येऊन शांत झोपलो. शांत! म्हणजे तुम्हाला कल्पना यावी मी कुठल्या दर्जाचा माणूस आहे त्याची.

सकाळी निघालो. डेल त्याच्या गाडीतून परस्पर येणार होता, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच. रॉजर काही बोलेना. मला शांतता सहन होत नाही, माझा जुना रोग. मी बोलायला लागलो. त्या फ्लाय मी किती जपल्या हे सांगितलं. कापसात ठेवल्या होत्या म्हटलं. पोरांचे हात लागू नयेत म्हणून वरच्या कपाटात ठेवल्या म्हटलं. लोइसच्या हातात काय कसब होतं, तो जरीचा धागा वापरायची कल्पनाच किती वेगळी, असंही म्हणालो. रॉजर रस्त्याकडे बघत नुसता "हं" म्हणत होता. तासभर मी बोललो. तासभर तो "हं" म्हणाला.

तळ्यावर डेल आधीच पोचला होता. लाल गालांचा, गप्पिष्ट म्हातारा. भोकं पाडून झाली, बादल्या मांडल्या. रॉजरने माझा स्पंज काढला आणि माझ्याच हातात दिला. "तू या लाव."

मग कोटाच्या आतल्या खिशातून डबी काढली. तीच पत्र्याची. आणि उघडली.

आत लोइसच्या फ्लाय होत्या. सगळ्या नसतील, पण बऱ्याचशा. पिना उपटून काढलेल्या. पाठीवर माझ्या ग्लू गनचे सुकलेले ठिपके. एकाही गळाला टोक नाही. रॉजरने एक निवडली, दोऱ्याला बांधली, दुसरी डेलला दिली. डेलने ती बघितली आणि माझ्याही फ्लाय बघितल्या. म्हणाला, "आणि या कुणी बांधल्या?"

आता माझं काय होणार? मी बादलीवर बसल्या बसल्या डोळे मिटले.

"याने," रॉजर म्हणाला. "लोइससाठी."

डेलने माझ्या खांद्यावर थोपटलं. त्याचे डोळे भरून आले होते हो! मला वाटलं, हे भोक थोडं मोठं असतं तर मी त्यातून खाली गेलो असतो.

थोड्या वेळाने डेल दुसरं भोक पाडायला लांब गेला. मी रॉजरकडे बघायचं धाडस करत नव्हतो. तो पाण्याकडे बघतच म्हणाला, "तुझी बायको गुरुवारी आली होती. बरोबर त्या कोटवाल्या बाई. घरोघर फिरून आणल्या म्हणे त्यांनी."

"गुरुवारी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पण मग काल मी..."

"हो. काल तू आलास."

त्याने दोरा किंचित वर घेतला. मग म्हणाला, "मला वाटलं, गाडीत सांगशील. तासाचा रस्ता आहे."

त्या तासात मी काय काय बोललो होतो ते तुम्ही ऐकलंतच. कापूस. वरचं कपाट. आमच्या घरात पोरं नाहीत हे त्याला माहीत आहे, तो शेजारी राहतो.

मी तोंड उघडलं तेवढ्यात डेल परत आला. मग दुपारपर्यंत तसंच बसायचं होतं. त्यांच्या दोऱ्या सारख्या ताणल्या जात होत्या. मासा यायचा, लोइसची फ्लाय तोंडात घ्यायचा, ओढायचा, आणि टोकच नसल्यामुळे सुटून जायचा. प्रत्येक वेळी डेल म्हणायचा, गेला बघ, लोइस असती तर माझ्या नावाने ओरडली असती. आणि दोघं हसायचे. एकही मासा हाती लागला नाही त्यांच्या. माझ्यामुळे. आमच्या तिघांत अणकुचीदार गळ फक्त माझाच, आणि माझ्या फ्लायला त्या अख्ख्या तळ्यातला एकही मासा शिवला नाही. तोंडात घेऊन थुंकलासुद्धा नाही कुणी.

परत निघालो तेव्हा मी ठरवलं, आता बस्स. गाडी हायवेला लागली आणि मी सुरू झालो. सगळं सांगितलं. डबीचं काय समजलो ते, वाणाचं, पकडीने टोकं कापली ते. सुमनकाकूंपुढे लाजून हसलो ते. जॅकेटची पिसं, राख्या, नेलपॉलिश. मला माझीच लाज वाटते, असं म्हणालो. तुमच्या बायकोची शेवटची आठवण मी कापली आणि वर तुम्हालाच फसवायला निघालो, असं म्हणालो. बोलताना मला रडू फुटलं. आयुष्यात मी इतकं खरं कधी बोललो नसेन. रॉजर समोर बघत गाडी चालवत होता, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, केवढं मोठं मन आहे या माणसाचं.

घरासमोर गाडी थांबली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. रॉजरने टोपी काढली, कानातून एक बारीकसं मशीन काढून तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "तू काही बोलत होतास का? थंडीत याची बॅटरी संपते. तळ्यावरच गेली."

जाताना चालू होती. खोटं बोललो तेव्हा त्याला एकूण एक शब्द ऐकू आला होता.

आता काय करायचं? उतरलो आणि तिथेच, ड्राइव्हवेत, पुन्हा सांगायला लागलो. त्याने कानामागे हात धरला. "काय?" मी आवाज चढवला. "काय?" समोरचा माणूस बर्फ उपसत होता, तो फावडं टेकून उभा राहिला. आमचं दार उघडलं. मेधा आणि तिच्या मागे सुमनकाकू, कोट घालून. शेवटी मी होता नव्हता तेवढा जोर लावून, इंग्रजीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो की मी खोटं बोललो, फ्लाय मी कापल्या, मला माफ करा!

रॉजरने शांतपणे मान हलवली. गाडीतून त्याची बादली उतरवली, माझ्या हातात माझी काठी दिली आणि म्हणाला, "ते मला गुरुवारपासून माहीत आहे. ओरडतोस कशाला?"